तिसरा झगा

गिनेसने शिडीवरून हात लांबवून तिसरा झगा खुंटीवरून उचलला, आणि त्याचा खालचा अर्धा भाग सुटून फरशीवर पडला. आवाज असा झालाच नाही. काळी धूळ तेवढी उडाली आणि खाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला शिंका येऊ लागल्या.

ब्रियांदा दोन खांबांपलीकडे गुडघे टेकून बसली होती. मेणबत्त्या लावायच्या लोखंडी तिवईवर गोठलेलं मेण ती सुरीने खरवडून टोपलीत टाकत होती. चर्चला मेणबत्त्या तिच्याच घरून जायच्या, आणि उरलेलं मेण परत नेणं हा तिचा हक्क होता. तिने वर पाहिलं नाही. त्या भिंतीकडे वर पाहायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. सुरी मात्र घसरली आणि अंगठ्यात रुतली.

उत्तरेच्या भिंतीवर असे झगे बरेच होते. शंभर वर्षांपूर्वी धर्मन्यायासनाने ज्यांना शिक्षा केली, त्यांच्या अंगावर चढवलेले पिवळे झगे, पुढे-मागे लाल फुली. गुन्हा बहुतेकांचा एकच: बाप्तिस्मा घेऊनही घरात लपूनछपून यहुद्यांचे सण पाळले. माणूस मेला, जळाला की परागंदा झाला याच्याशी झग्याला देणंघेणं नसे. तो गावच्या चर्चमध्ये टांगायचा आणि त्यावर नाव, आडनाव, गुन्हा लिहायचा, नातवंडांनी विसरू नये म्हणून. खरं तर शेजाऱ्यांनी विसरू नये म्हणून. कापड काही जन्मभर टिकत नाही, तेव्हा अधूनमधून हुकूम निघायचा: जुने उतरवा, नवे शिवा, तीच नावं ताज्या शाईने पुन्हा लिहा. या शरदात तो हुकूम रोब्लेदाल गावी आला होता, आणि हुकमासोबत सर्दीने बेजार झालेला हा अधिकारीही.

"याचं नाव वाचता येत नाही, साहेब," गिनेस शिडीवरून म्हणाला. चर्चची झाडलोट आणि घंटा, दोन्ही त्याच्याकडे होती.

"बाकीच्यांची येतात. याचंच का येत नाही?"

"धूर लागलाय. मेणबत्त्यांचा."

अधिकाऱ्याने खाली वाकून ती चिंधी उचलली. अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली. मग, नाक चोंदलेलं असूनही, बोटं नाकाशी नेली.

"मेणाचा धूर असा चिकट नसतो. ही चरबी आहे. मेणबत्त्या कोण देतं इथे?"

"ही काय, इथेच बसलीय. ब्रियांदा सालसेदो. तिच्या पणजीपासून त्यांच्याच घरच्या."

ब्रियांदा उठली. रक्ताळलेला अंगठा तिने मुठीत धरला.

"शुद्ध मेण असतं, साहेब. हवं तर घरी येऊन कढई बघा."

आवाज नीट निघाला. भीती आवाजात आली नाही. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग चिंधीकडे, आणि ती चिंधी घडी करून आपल्या खिशात ठेवली.

रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याने सगळ्या गावाला थांबवून घेतलं. तिसऱ्या झग्यावर कुणाचं नाव होतं आणि त्याच्या वंशात आज कोण आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्याने पुढच्या रविवारच्या आत पाद्रीबाबांच्या खोलीत येऊन सांगावं. ठाऊक असून जो सांगणार नाही, तो धर्माबाहेर. त्या काळचे न्यायासनाचे कागद एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना नदीत गेले होते, नाहीतर त्याने रोब्लेदालच्या लोकांना काही विचारण्याचे कष्ट घेतले नसते. लोक माना खाली घालून घरी गेले. जो सांगेल, त्याला ते कुठून कळलं हेही विचारणार, हे सगळ्यांना समजत होतं.

ब्रियांदाला नाव ठाऊक होतं. दिएगो लुसेना, तिच्या आजीचा आजोबा. त्याच्या मुलाने सालसेदोंच्या एका विधवेशी लग्न केलं आणि आडनाव तिचं घेतलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. रोब्लेदालमध्ये एका आईच्या पोटची भावंडं वेगवेगळ्या आडनावांनी वावरायची. ज्या आजीकडून शेत मिळायचं, त्या आजीचं आडनाव लागायचं. ब्रियांदाचा एक भाऊ सालसेदो होता आणि दुसरा, मावशीच्या द्राक्षमळ्यापायी, मोन्रॉय. आडनाव म्हणजे तिथे अंगरखा होता, थंडी पाहून बदलायचा.

पण आडनाव बदललं तरी झगा भिंतीवर होताच. म्हणून पणजीने मेणबत्त्यांचं काम घरात आणलं. चर्चला शुद्ध मेणच लागतं, आणि या घरच्या बायका शुद्ध मेणच देत. फक्त तिसऱ्या झग्याखालच्या तिवईवर जाणाऱ्या मेणबत्त्यांत त्या थोडी बकऱ्याची चरबी मिसळत आल्या. चरबीचा धूर काळा, चिकट, आणि सरळ वर जाणारा.

"घाई करायची नाही," आजी म्हणायची. "माझ्या हयातीत आडनाव पुसलं जाईल. तुझ्या हयातीत नाव."

तिनेच लहानग्या ब्रियांदाला त्या भिंतीपाशी नेलं होतं. बोट दाखवलं नव्हतं, माशी उडवावी तशी हनुवटी किंचित उचलली होती. "तो. दारापासून तिसरा. आपला," ती म्हणाली होती. आणि ब्रियांदा मान वर करून बघू लागली तेव्हा तिचा दंड चिमटला होता. "वर बघायचं नाही. पण कुठे बघायचं नाही, ते ठाऊक हवं."

आता अधिकाऱ्याच्या खिशात ती चिंधी होती. नाव उघड झालं असतं तर चर्चचं काम गेलं असतं, भावांच्या मुलांना गावात साधं कारकुनाचं कामही मिळालं नसतं. न्यायासनाच्या झग्यावर काजळी धरली, हे उघड झालं असतं तर तिला गाढवावर बसवून फटके मारत गावाबाहेर काढलं असतं. पण ब्रियांदा रात्रंदिवस घाबरत होती ती मेन्सियासाठी. तिच्या या एकुलत्या एक मुलीचं लग्न घाटाखालच्या आल्मेदरा गावी, लोकरीचे व्यापारी लोरेन्सो पेराल्ता यांच्या मुलाशी ठरलं होतं. पोरगा चांगला होता, मेन्सियाकडे बघताना त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. चादरींचं ठरलं होतं, मेंढ्यांचं ठरलं होतं, वरातीत खेचर कुणाचं असावं यावर दोन दिवस वाद होऊन तेही ठरलं होतं. कुळाचं काही बोलणं झालं नव्हतं. मुलीची आई ते बोलणं आधी काढते, अशी रीत. ब्रियांदाने काढलं नाही. आपण विचारलं की उलट विचारणं आलंच, आणि पेराल्तांनीही सुटल्यासारखा विषय सोडून दिला. तिला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तो आठवडा गावाने श्वास रोखून काढला. सार्वजनिक भट्टीवर एरवी बायका पावापेक्षा जास्त शिजवत, पण त्या दिवसांत कणिक ठेवायची, पाव घ्यायचा आणि चालू लागायचं. भट्टी सांभाळणारी म्हातारी तोमासा तोंडाची मोठी फटकळ. "ब्रियांदे, तुझ्या मेणबत्त्यांनी संतांचे डोळे आलेत बघ," असं ती वर्षानुवर्षं भर चौकात म्हणत आलेली. पूर्वी ब्रियांदा हसायची. आता तिला ते प्रत्येक वाक्य आठवत होतं, आणि म्हातारीला सगळं ठाऊक आहे असं वाटत होतं. तिने भट्टीवर जाणंच सोडलं. पाव आणायला ती मेन्सियाला पाठवू लागली.

गुरुवारी दुपारी तोमासाच तिच्या दारात उभी राहिली. शालीखाली झाकलेला पाव अजून वाफाळत होता.

"दार लावून घे."

"मेणाचा वास कोंडतो, मावशी."

"कोंडू दे. मला काय इथे नांदायचंय?"

ब्रियांदाने दार लावलं. मेन्सिया नदीवर धुणं घेऊन गेली होती, हे बरं झालं. तोमासा कढईजवळच्या तिपाईवर बसली आणि मेणात बुडवून दांडीवर टांगलेल्या वातींकडे बराच वेळ बघत राहिली.

"तू जाऊन सांगणार आहेस का त्याला?"

"काय सांगणार?"

"सोंग आणू नकोस. रविवारपासून माझ्याकडे बघत नाहीस. पावाला पोरीला पाठवतेस. तुला ठाऊक आहे, हे काय मला कळत नाही?"

ब्रियांदाचा हात मेणात जाता जाता थांबला.

"मावशी, मेन्सियाचं लग्न तोंडावर आलंय."

"आणि माझा नातू पाद्री व्हायला शिकतोय. दोन वर्षं राहिलीत त्याची." म्हातारीचा आवाज एकदम चिरला. "म्हणून तर आले ना मी. सगळा जन्म तुला टोचून बोलले, मान्य आहे. पण पोराचं वाटोळं करू नकोस. आमचं नाव सांगू नकोस त्याला."

"तुमचं?"

"अजून सोंग? तिसरा. आमचाच ना तो. आईने मरताना कानात सांगितलं मला, दारापासून तिसरा."

ब्रियांदा कढईचा काठ धरून उभी राहिली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. इतकी वर्षं दोघी एकाच बाकावर बसून, एकाच झग्याखाली मान खाली घालत आल्या होत्या. तोमासाची आई बरोबर होती की तिची आजी, देव जाणे. गावातल्या आणखी किती घरांत मरताना कुणी कुणाच्या कानात काय सांगितलं असेल, तेही देव जाणे. 'मावशी, तो आमचा आहे,' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. बोलली असती तर म्हातारी त्या तिपाईवरून हलकी होऊन उठली असती. पण भीती अशी सुटत नाही. ब्रियांदाने शब्द गिळले.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

तोमासाने डोळे पुसले आणि लगेच पूर्ववत झाली.

"नुसतं गप्प राहून भागायचं नाही. त्याला नाव हवंय. नाव मिळाल्याशिवाय तो हलत नाही. आज ना उद्या कुणीतरी कुणाचं तरी नाव घेणार. त्यापेक्षा आपणच देऊ."

"कुणाचं?"

"कोस्मे बाराओना."

"घंटावाला कोस्मे? अहो, देवमाणूस होता तो."

"देवमाणूस होता आणि देवाघरी गेला. बायको नाही, पोर नाही. बाराओना म्हणवणारं एक माणूस उरलेलं नाही या मुलखात. झगा त्याच्या आजोबाचा होता म्हणायचं, आजोबाही कोस्मेच. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्याला बहीण होती ना एक?"

"लुइसा. परकरी पोर असताना मोलकरीण म्हणून खाली गेली, पुन्हा फिरकली नाही. मेलीही असेल केव्हाच." तोमासा पुढे झुकली. "एकीचा शब्द ते धरत नाहीत, ब्रियांदे. दोघी लागतात."

कोस्मे लहान मुलांना घंटेच्या दोराला धरून झोके घेऊ द्यायचा. खिशात भाजलेली चेस्टनटं असायची, ती तो सोलून द्यायचा, कारण गरम साल लहान बोटांना सोसत नाही. ब्रियांदाला हे सगळं आठवलं. तिने मान हलवून हो म्हटलं.

शुक्रवारी ती गेली तेव्हा तोमासा सांगून परतली होती. पाद्रीबाबांच्या खोलीत शेगडी पेटवलेली होती आणि अधिकारी पाय तिच्याशी नेऊन, रुमाल मांडीवर घेऊन बसला होता.

"तुला कसं ठाऊक?"

"गावात बोलायचे, साहेब."

"कोण बोलायचं?"

"आता मेलेत ते सगळे."

त्याने खिशातून ती काळी चिंधी काढून मेजावर ठेवली.

"आणि हे? चरबी कुठून आली?"

याचं उत्तर दोघींनी ठरवलेलं नव्हतं. मग तिने स्वतःचाच आवाज ऐकला, अगदी शांत, बाजारात मेणाचा वास समजावून सांगताना असतो तसा.

"कोस्मे स्वतःच्या मेणबत्त्या आणायचा, साहेब. गरीब माणूस, चरबीच्याच आणणार. त्याच झग्याखाली लावायचा, दर शनिवारी. मला वाटायचं, भाविक आहे."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. गाठ सुटल्यावर माणसाला होतं तसं.

"म्हणजे आजोबाचं नाव काळं करत होता."

"ते मला अडाणी बाईला काय कळणार?"

"वंशात कोण उरलंय?"

"कोणी नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि नाक शिंकरलं. "बर्फ पडायच्या आत घाट उतरता येईल."

ब्रियांदा बाहेर आली आणि घंटेच्या मनोऱ्याच्या पायाशी ओकली. घरी जाऊन मात्र ती लाज वाटावी इतकी गाढ झोपली.

नाताळाच्या आधी नवे झगे चढले. तिसऱ्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कोस्मे बाराओना, या गावचा रहिवासी, पाखंडी. गिनेसला घंटा वाजवायला कोस्मेनेच शिकवलं होतं. झगा टांगून तो शिडीवरून उतरला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ब्रियांदाने चरबीचं मडकं चुलीमागे खोल सरकवून ठेवलं आणि सगळ्या तिवयांवर शुद्ध मेण लावू लागली. भिंतीखालून जाताना तिचे खांदे आपोआप आक्रसायचे, पण आठवडे उलटले तसं तेही कमी झालं. रात्री मेन्सियाच्या चादरींवर भरतकाम करताना ती चक्क गुणगुणू लागली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा लोरेन्सो पेराल्ता एकटेच खेचरावर बसून वर आले. लग्न लागायचं ते चर्च डोळ्यांखालून घालावं म्हणाले. अंगाने भरलेला, बोलताना हातवारे करणारा, मोकळा माणूस. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. ते बाकांवर हात फिरवत, छताकडे बघत पुढे चालले होते आणि ब्रियांदा त्यांच्या मागे.

"थंडी चांगलीच असते हो तुमच्याकडे, विहीणबाई. आमच्या बायका इथे गारठून जातील. पाद्रीबाबांना सांगा, लग्न आटोपशीर लावा."

"पाद्रीबाबांचं आटोपशीर म्हणजे दीड तास, व्याहीबुवा."

ते खळखळून हसले. मग थांबून, खोडी काढणाऱ्या पोरासारखे तिच्याकडे वळले.

"तुम्हाला एक गंमत सांगायची राहूनच गेली. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही बोललो नाही. म्हटलं, लग्नाला वर जाऊ तेव्हा तिथेच सांगू. माझी आई याच गावची."

ब्रियांदाने तोंडावर हसू ठेवलं.

"हो का?"

"पोरवयात खाली आली कामाला. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवायची नाहीत, पण या घंटेचं बोलायची. भाऊ वाजवायचा तिचा. मला सांगून ठेवलं होतं तिने, कधी वर गेलास तर माझ्या कोस्मेच्या नावाने एक मेणबत्ती लाव." त्यांनी कोटाच्या आतून एक मेणबत्ती काढली. चांगल्या मेणाची होती, आल्मेदराच्या बाजारातली. "तुमची घ्यायला हवी होती, नाही का? रागावू नका."

"इकडे या," ब्रियांदा घाईने म्हणाली. "इकडे, माउलीच्या वेदीपाशी. इथे लागलेली बरी असते."

"तिथे अंधार आहे हो. ही तिवई बघा, कशी उन्हात आहे."

तिने हात पुढे केला, पण व्याह्यांची बाही धरायची कशी? ते तिवईपाशी पोचले. जळत्या वातीवर आपली वात धरली, ती पेटली. आणि प्रार्थनेला माणूस मान वर करतो तशी त्यांनी मान वर केली. व्यापारी माणूस, वाचता येत होतं.

मेण वितळून त्यांच्या मनगटावर ओघळलं. त्यांनी हात हलवला नाही. ब्रियांदाने त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना पाहिला. नजर दाराकडे गेली, मग बाकांकडे, कुणी आहे का बघायला, आणि शेवटी तिच्याकडे. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. आठवडाभर ती तोच घेऊन गावात वावरली होती.

"कोस्मे नव्हे," लोरेन्सो पेराल्ता म्हणाले. "काय बोलून गेलो मी. क्रिस्तोबाल. माझा मामा क्रिस्तोबाल. क्रिस्तोबाल पेरेस. आई पेरेसांची. आणि ती इथली नव्हे, पलीकडच्या खोऱ्यातली. तिकडेही घंटा आहेच की."

"असेल ना."

"वय झालं की गोंधळ होतो माणसाचा. तुम्ही ऐकलंत ना? पेरेस."

"ऐकलं, व्याहीबुवा. पेरेस."

त्यांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि गरम मेणासकट खिशात कोंबली. हा माणूस आता जन्मभर आपल्याला घाबरणार, हे ब्रियांदाला स्पष्ट दिसत होतं. दर सणाला, दर बारशाला, जेवताना कुणी मोठ्याने बोललं की तो आधी आपल्याकडे बघणार. एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं. 'तो तुमचा नाही. मी लिहवलंय ते. तो आमचा आहे.' वाक्य जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं, तोमासासमोर गिळलं होतं तसंच.

दारापाशी पोचल्यावर ते थांबले.

"त्या मेंढ्यांचं मी म्हणत होतो, विहीणबाई. राहू द्या त्या. चादरीही राहू द्या. आम्हाला तुमची मुलगी हवी, बाकी काही नको."

"असं कसं? ठरलंय ते."

"नको," ते म्हणाले, जवळजवळ विनवल्यासारखं. "आपल्या दोन घरांत कधी काही येऊ नये, एवढंच."

खेचरावर बसून ते घाटाकडे निघाले. वळणापर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

ब्रियांदा घरी येऊन चुलीपुढे बसून राहिली. कोस्मे गेला होता, त्याला कशाचं काही नव्हतं, असं ती इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. आणि आता लुइसा बाराओनाचा नातू तिचा जावई होणार होता. मेन्सियाला मुलं होतील. त्यांच्यातल्या एखाद्याला कुणी कधी चार आज्या-आजोबांची नावं विचारील, मग त्यांच्या मागच्यांची, आणि विचारणारा या भिंतीपर्यंत येईल. तिने स्वतःच्या तोंडाने दिलेलं नाव तिच्याच नातवंडांच्या रक्तात येऊन बसलं होतं. अक्षरं ताजी होती. लांबून वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन्सिया वाती वळत असताना तिने चुलीमागे हात घातला आणि चरबीचं मडकं बाहेर ओढलं.

"आई, ते कशाला? या चर्चच्या आहेत ना?"

"आहेत."

"मग? चर्चच्यात चरबी कुणी घालतं का?"

"थोडी. इतकी. बघून ठेव." ब्रियांदाने पळीचं टोक तेवढं बुडवलं आणि कढईत ढवळलं. "जास्त झाली तर वास येतो. घाई करायची नाही."

मेन्सियाने आईकडे नीट निरखून पाहिलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग विचारलं नाही. या घरच्या मुलींना ते आपोआप जमतं.

दुपारी दोघी टोपली घेऊन चर्चमध्ये गेल्या. आत गिनेसशिवाय कुणी नव्हतं, तोही वर मनोऱ्यात दोर बांधत होता. ब्रियांदा दारातून आत आली आणि भिंतीच्या कडेकडेने चालत तिसऱ्या तिवईपाशी थांबली. बोट दाखवलं नाही. हनुवटी किंचित उचलली.

"तो. दारापासून तिसरा."

"घंटावाल्या कोस्मेचा ना? त्याचं आपल्याला काय?"

"आपला," ब्रियांदा म्हणाली. "वर बघू नकोस."

मेन्सियाने मान खाली घातली आणि टोपलीतून मेणबत्ती काढून आईच्या हातात दिली.